तुह्या फोनवरचं गाणं

बालाघाट, रविवार

प्रिय प्रज्ञा,
जय भीम. मी बरा हाय. राइस मिलचं काम सुरू हाय, जेवतोही. आईचे गुडघे कसे हायेत? तू पोटभर जेवतं ना?

फोनवर सांगता येत नाही म्हून लिहून राह्यलो. आपली पोरगी ईरा गेली, तवापासून मले जगावं वाटत नाही. परवा वैनगंगेच्या पुलावर गेलतो. शेवटचं बोलावं म्हून तुले फोन लावला. तू धानाच्या रोवणीले गेलती, फोन घरीच वाजत राह्यला.

मले ऐकू आलं ते तुह्या कॉलर ट्यूनचं येशूचं रॅप. "बौद्धाच्या घरात हे काहून?" म्हून मी तुह्याशी भांडलो, तरी तू बदललं नव्हतं. "तू जहाँ बैठा है, येशू वहीं बैठा है," तो गाणारा पोरगा दम लागेपर्यंत म्हणे. घंटी संपली का गाणं तुटे. पुढचं ऐकाले मी पुन्हा लावो. सात वेळा लावला. मंग खोलीवर आलो.

देव मी आजही मानत नाही. सकाळी उठलो का छाती तशीच जड ऱ्हाते. पण ते गाणं बदलू नको.

अन् माहा फोन आला तर लगेच उचलू नको. थोडं वाजू दे.

तुहा,
संघपाल