राहायचं आत की बाहेर

९ नोव्हेंबर २०२५, रविवार
आजपासून ही वही एकाच कामासाठी. मज्जाविश्व. भूमिका दुसरीत असताना तिला तिथे न्यायचा शब्द दिला होता, आता ती सहावीत आहे. मधली चार वर्षं वाया गेली असं अनिता म्हणते. वाया बिलकुल गेली नाहीत. तेव्हा भूमिकाची उंची राइडला पुरत नव्हती. मी थांबलो, उंची वाढली. याला प्लॅनिंग म्हणतात.

तारीख ठरली. २६ आणि २७ डिसेंबर. तोवर भात झोडून घरात आलेलं असेल, बाबांची कटकट नाही. पार्क मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला. तिकीट दोन दिवसांचं, म्हणजे एक मुक्काम आला. प्रश्न एवढाच उरला की पार्कच्या आतल्या हॉटेलात राहायचं की बाहेर. दोन दिवसांत निकाल लावतो.

अनिताला विचारलं. भाकरी थापत होती. आतच घ्या म्हणाली. कारण विचारलं तर म्हणाली, कारण काय असायचंय. अशाने निर्णय होत नसतात.

११ नोव्हेंबर, मंगळवार
दोन दिवस झाले. निकाल नाही. माहिती अपुरी.

शहापूरला ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर पंकज बसतो. तो मे महिन्यात जाऊन आला, आतच राहिला. चौसष्ट फोटो दाखवले. खोलीच्या खिडकीतून आकाशपाळणा दिसतो. नाश्त्याला अठ्ठावीस पदार्थ. चहा खोलीत आणून देतात. आत राहणाऱ्यांना सकाळी अर्धा तास आधी सोडतात. मी विचारलं, बाहेरचे पर्याय बघितले होतेस का? नाही म्हणाला. या माणसाला कुठलीही गोष्ट पहिल्या झटक्यात पटते. अशाचं मत धरता येत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून तक्ता केला. डावीकडे आत, उजवीकडे बाहेर. एकूण अकरा मुद्दे. संध्याकाळ गेली पण काम पक्कं झालं. आत पाच, बाहेर पाच. ‘हवा’ हा मुद्दा दोन्हीकडे सारखाच निघाला.

अनिता म्हणाली, दोन दिवस चुलीसमोर बसायचं नाही, तेवढं बघा. ‘इतर’मध्ये लिहून घेतलं. इतरला मार्क नाहीत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
हॉटेलच्या साइटवर ‘फक्त ४ खोल्या शिल्लक’. ही जुनी युक्ती. शहापूरच्या बाजारात चपलेचा दुकानदारसुद्धा शेवटचा जोड आहे म्हणतो. मी दबावाखाली निर्णय घेत नाही. भूमिका म्हणाली, पप्पा, काल सात होत्या. तिला मार्केटिंग म्हणजे काय ते नीट समजावून सांगितलं. ऐकून घेतलं आणि आईच्या मोबाइलवर काहीतरी करत बसली. या पिढीला एकाग्रता नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
अनिताला तक्ता वाचून दाखवला. सगळा ऐकला. मग म्हणाली, “तुमी अकरा मुद्दे लिवलं. लग्नाला चौदा वर्सं झाली, उठल्यावर आयता चहा मला एकदा पन नाय मिळाला. तेवढ्यासाठी आत बोलले मी.”

विचार केला. मुद्दा चहाचा आहे, हॉटेलचा नाही. हे तिच्या लक्षात येत नाहीये. चहा घरीही देता येतो.

संकल्प: उद्यापासून सकाळचा चहा मी करणार.

२० नोव्हेंबर, गुरुवार
अनिताला सांगून ठेवलं होतं, मला पावणेसहाला उठव. तिने उठवलं. चहा झालेला होता.

२३ नोव्हेंबर, रविवार
बाहेरच्या लॉजना फोन. पहिला म्हणाला, पार्कपासून पाच मिनिटं. पाच मिनिटं कशाने, विचारलं. गाडीने. कुठल्या गाडीने, विचारलं. तुमच्या. फोन ठेवला.

दुसऱ्याने खोलीचा फोटो पाठवला. खिडकीबाहेर समुद्र. मुरबाड तालुक्यात.

तिसऱ्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रॉंग नंबर होता. पण माणूस सज्जन, म्हणाला दादा, आतच राहा.

शेवटी साइट उघडली. आतल्या खोल्या संपलेल्या. वाईट वाटून घ्यायचं नाही. अकरापैकी पाच मुद्दे आपोआप निकालात निघाले. अनिता भडकेल म्हणून जपून सांगितलं. नुसती हूं म्हणाली. भूमिका तोंडावर वही धरून हसली. कशाला ते कळलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
लॉजचा विषय बाबांच्या कानावर गेला. अंगणात सुंभ वळत बसले होते, तिथूनच म्हणाले, “आपली सकू तिथं असताना लॉजात झोपशील? लोक तोंडात शेन घालतील रे.”

सकुबाई म्हणजे बाबांची चुलत बहीण, माझी आत्या. टोकावड्याच्या अलीकडे राहते. पार्कपासून नऊ किलोमीटर. हे माझ्या तक्त्यात नव्हतं. मी म्हटलं, विचार करून सांगतो. बाबांनी तिला कालच फोन केला होता.

१ डिसेंबर, सोमवार
निर्णय झाला. माझाच. सकुआत्याकडे राहायचं. शहरातली माणसं खेड्यातल्या घरात राहायला बुकिंग करून येतात, होमस्टे म्हणतात त्याला. आपल्याला घरचा मिळाला. ऑफिसात पंकजला सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे नातेवाइकांकडे. मी म्हटलं, होमस्टे.

अनिताने एकच विचारलं, तिथे भाकऱ्या कोण थापणार. म्हटलं, आत्या आहे की. तर म्हणाली, आत्याचे गुडघे गेलेत. हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. घरात माहिती वेळेवर मिळत नाही, ही या घरातली मुख्य अडचण आहे.

१४ डिसेंबर, रविवार
बाबांचा हुकूम. नवा तांदूळ आणि कोंबडा घेतल्याशिवाय सकूच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही. गिरणीतून दहा किलो तांदूळ आणला. कोंबडा तांबड्या शेपटीचा ठरला. तो मला चोच मारतो, त्यामुळे त्याला निरोप द्यायला माझी हरकत नाही.

अनिता म्हणाली, आधी थेट पार्कात जाऊ, संध्याकाळी आत्याकडे. तिकिटाचा दिवस फुकट जायला नको. मुद्दा बरोबर आहे. मला तो सुचणारच होता.

१८ डिसेंबर, गुरुवार
आज पाच चाळीसला स्वतः उठलो. पाणी ठेवलं. स्टीलचे तीन डबे, तिन्ही सारखे. पहिल्यात मेथी. ती टाकून झाल्यावर कळलं. अनिता उठून आली, पातेलं बघितलं, ते ओतून नवं पाणी ठेवलं. डब्यांवर नावं नसतील तर माणसाने करायचं काय? चीड आली. उद्या नावं लिहिणार.

२५ डिसेंबर, गुरुवार
नावं लिहायची राहिली. बाकी तयारी पूर्ण. वेळापत्रक भिंतीला लावलं. कोंबड्यासाठी झाकणाची टोपली.

अनिताने आवळी रंगाचा नवा ड्रेस इस्त्री केला. आत्याकडे कोण बघणार आहे तो? बॅगही एका मुक्कामाच्या मानाने मोठी. बोललो नाही. प्रवासाच्या आदल्या दिवशी बायकोशी वाद घालू नये.

२६ डिसेंबर, शुक्रवार
सकाळी ९.५०. गेटवर. खर्डी ते शहापूर रिक्षा, तिथून मुरबाडची एसटी, पुढे जीप. कोंबडा सगळ्या रस्त्याला गप्प. माझं नियोजन.

१०.१०. बॅगा तपासतात. तांदळाच्या पिशवीला हरकत नाही, ती लॉकरमध्ये गेली. टोपलीत काय, विचारलं. म्हटलं, भेटवस्तू. त्याच क्षणी तो आरवला. सबंध प्रवासात तोंड उघडलं नाही आणि इथे आरवला.

१०.३०. लॉकरवाल्याशी वाद. म्हणतो, सामान ठेवता येतं, जीव ठेवता येत नाही. त्याला सांगितलं की टोपली आम्ही उघडणारच नाही. साहेबाला बोलावलं. साहेबही तेच म्हणाला. कोणीतरी बाहेर थांबायला हवं. घरातला कर्ता माणूस म्हणून मी थांबलो. अनिता आणि भूमिका आत. अकरापर्यंत काहीतरी सोय लावतो आणि जातोच.

१२.१५. सोय लागली नाही. शहाळेवाला म्हणाला, मी बघतो कोंबडा. त्याच्या बायकोने टोपलीत वाकून बघितलं आणि मसाला वाटून तयारच आहे म्हणाली. टोपली उचलून दुसऱ्या झाडाखाली आलो.

२.००. भूमिकाचा फोन. पाच राइड झाल्या. उंची मोजली, एकशे सेहेचाळीस, सगळीकडे सोडतात. मागून अनिता ओरडत होती. घाबरून की मजेने, कळेना. चौदा वर्षांत मी तिला ओरडताना ऐकलेलं नाही. मी वडापाव खाल्ला. अर्धा कोंबड्याने नेला.

५.१५. वैताग. पाळण्यात बसलेली माणसं वरून हात करतात. मला करतात की टोपलीला, देव जाणे.

५.४०. अनिता एकटीच गेटवर आली. हातात तांदळाची पिशवी. केस विस्कटलेले, चेहरा लाल. म्हणाली, आत्ताच काय ते सांगून टाकते. आतली खोली तिने बुक केलेली आहे. अठरा नोव्हेंबरलाच. भूमिकाने मोबाइलवरून केली, पैसे अनिताच्या शिलाईचे. आत्याला परवाच फोन करून सांगितलंय की आम्ही उद्या दुपारी जेवायला येतो. मला का सांगितलं नाही, विचारलं. म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही बारावा मुद्दा लिहिला असता.

मग म्हणाली, “खोलीत तुमचं पन नाव घातलंय. कोंबड्याचं नाय.”

गेटजवळच हॉटेलचं काउंटर होतं, तिथेही विचारून बघितलं. तिथल्या मुलीने पेट पॉलिसीचा कागद दाखवला.

ठरलं. कोंबडा आणि तांदूळ आत्याकडे पोचवतो आणि लगेच परत येतो. नऊ किलोमीटर म्हणजे काय. साडेसातपर्यंत खोलीत. अनिता म्हणाली, या. मी वाट बघते.

७.५०. सकुआत्याकडे. जीप मिळायला तास लागला. आत्याने श्रावणात माळ घातली. मांसमच्छी बंद. घरात कोंबडा शिजणार नाही, कापणारही नाही. हे तिला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून तिने कोणाला सांगितलं नव्हतं. तांदूळ मात्र मुठीत घेऊन वास घेतला आणि डोळ्यांत पाणी आणलं.

निघतो म्हटलं. आत्या दारात आडवी उभी राहिली. “दिवेलागणीला पावना उंबऱ्यावरनं परत गेला तं मी धाऊदादाला काय तोंड दाखवू?” धाऊदादा म्हणजे बाबा. परतीची जीपही नव्हती. वरण, भात, लोणचं.

साडेआठला अनिताला फोन केला. ठीक आहे म्हणाली. आवाज बारीक झाला होता. तेवढं मात्र लागलं मनाला.

२७ डिसेंबर, शनिवार
पहाटे चारला कोंबड्याने उठवलं.

सकाळी भूमिकाचा फोटो आला. अनिता खिडकीशी बसली आहे. आवळी रंगाचा ड्रेस, केस मोकळे, हातात पांढरा कप. मोबाइलकडे लक्षच नाही, बाहेर बघते आहे. किती वेळ फोटो बघत बसलो. ती अशी नुसती बसलेली मला आठवत नाही, कायम काहीतरी करत असते. मागे तिसरा पलंग दिसत होता. चादर घडी न मोडता तशीच, वर भूमिकाचा टॉवेल. वाईट वाटलं. मी तिथे असायला हवा होतो.

आत्या म्हणाली, कोंबडा टोपलीखाली झाकून ठेव आणि जा पार्कात. हे कालच म्हणाली असती तर? धावत निघालो. साडेअकराला गेटवर पोचलो. त्या दोघी तिथून बाहेर पडत होत्या, आत्याकडे जेवायला यायला.

२८ डिसेंबर, रविवार
काल घरी. कोंबडाही. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि सुंभ वळायला घेतला.

आढावा. कुटुंब आतही राहिलं आणि बाहेरही. तक्त्यातले अकराच्या अकरा मुद्दे प्रत्यक्ष तपासून झाले. अशी सहल पंकजला जमली नसती.

भूमिकाने विचारलं, पप्पा, तुम्हाला कुठली राइड आवडली? मी म्हटलं, मी सगळी व्यवस्था बघत होतो. ती म्हणाली, आई त्या दिवशी साडेआठपर्यंत जेवायची थांबली होती. तीन ताटं मांडून घेतली होती.

हे वहीत कुठे लिहायचं ते कळत नाही. ‘इतर’मध्ये जागा शिल्लक आहे, पण तिथे नको.

२९ डिसेंबर, सोमवार
पहाटे चारला उठलो. कोंबडा. पुन्हा झोप लागेना. पावणेसहाला पाणी ठेवलं. तिन्ही डबे उघडून, वास घेऊन, मग चहा टाकला. कपात ओतून अनिताच्या उशाशी नेला. गाढ झोपली होती. उठवावंसं वाटेना. कप हातात धरून बसून राहिलो.

ती उठली तेव्हा चहा गार झाला होता. एक घोट घेतला. माझ्याकडे बघितलं. मग उठून चुलीशी गेली, माझा चहा पातेल्यात परत ओतला, थोडं दूध, साखर आणि आलं घातलं, उकळला, आणि त्यातला अर्धा कप मला दिला.