हाताची सवय

तीर्थरूप आईस,
मुकुलचा साष्टांग नमस्कार.

डॅलसमध्ये मी एकदम ठीक आहे, जेवतोही टाइमवर. तुझे गुडघे कसे आहेत? शलाकाताई सुदामा नगरला येऊन जाते ना?

हे फोनवर मला बोलवलं नसतं. शनिवारी ऑफिसचे लोक शूटिंग रेंजवर घेऊन गेले. नानांच्या रिव्हॉल्वरच्या दुप्पट जड रिव्हॉल्वर हातात दिलं, गोळ्या भरलेलं. आणि आई, काही कळायच्या आत मी ते दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावलं, लहानपणी दसऱ्याची शस्त्रपूजा झाली की नानांचं लावायचो तसं. शिकवणारा ओरडला आणि त्याने माझं मनगट खाली दाबलं. नळी माझ्याकडे होती, बोट ट्रिगरवर.

घबरू नकोस, मी परत तिथे जाणार नाही. पण डोळे मिटले की नाना दिसतात, त्या दसऱ्याला, पूजेच्या पाटासमोर.

तू स्वयंपाकघरात होतीस, तू फक्त गोळीचा आवाज ऐकलास. लोक म्हणाले, हिचा नवरा स्वतःच्या हाताने गेला. आणि तू आजवर देवाला एकच विचारत आलीस, माझं काय चुकलं.

काही चुकलं नव्हतं, आई. ते नमस्कार करत होते.

तुझाच,
मुकुल