सात मिलिमीटर पाऊस

१२ फेब्रुवारी

वाट्या बसल्या! गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, उंच पाइपाच्या टोकाला. वारा आला की गरगर फिरतात आणि वेग कळतो. धाकटे भावजी मोबाइलच्या टॉवरवर चढायचं काम करतात, त्यांना आमचा पाइप म्हणजे पोरखेळ. वरूनच विचारत होते, "वहिनी, हे सगळं कशासाठी?" मी म्हटलं, छंद.

छंद कसला डोंबलाचा! सूड आहे हा. ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहिते.

एकोणीस वर्षं बंदरावरच्या हवामान कचेरीत निरीक्षक होते. तिथल्या वाट्या गंजून अडकायच्या. बदला म्हणून साहेबांना तीन पत्रं लिहिली. ढिम्म. मग ऑक्टोबरात एके दिवशी फलकावर वारा ताशी बारा किलोमीटर, आणि बाहेर प्रवासी बोटीचं छत फाटून पाण्यात! नशीब, कोणाला लागलं नाही. साहेबांनी अहवालात तीन शब्द लिहिले — "निरीक्षकाची अक्षम्य हलगर्जी". माझी पत्रं फायलीतून गायब. मी घरी.

कचेरीत आम्ही साहेबांना वातकुक्कुट म्हणायचो. वरून वारा येईल तिकडे चोच.

१९ फेब्रुवारी

इंटरनेटवर माझं हवामानाचं पान सुरू झालं! ह्यांनी भंगारात काढलेला जुना कॉम्प्युटर आता सर्व्हर आहे. शिवणयंत्राच्या टेबलाखाली घुरघुरत असतो. तापमान, आर्द्रता, पाऊस, वारा — दर मिनिटाला नवा आकडा. घरात दिसायचं, बाहेरून दिसेना. तीन दिवस राउटरशी डोकं फोडलं. आज ह्यांना चौकात पिटाळलं. तिथून ह्यांचा फोन — "अगं दिसतंय! वारा एकोणीस!"

बंदराच्या वेबसाइटवर त्याच वेळी वारा सहा.

हसले. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा.

२० फेब्रुवारी

माझा २४, त्यांचा ९. फोटो काढून ठेवला.

२६ फेब्रुवारी

पाऊस मोजायच्या नळकांड्यात कोळ्याने जाळं केलं. दुपार गेली. सासूबाई आता पान बघूनच कपडे वाळत घालतात, वर मला ऐकवतात, "तुझं यंत्र म्हणतंय कोरडं, पण ते ढग बघ की जरा." एकोणीस वर्षं पगार घेऊन मी हेच तर करत होते — ढग बघणं.

फोटो अकरा झाले. पन्नास होऊ देत. मग मुख्यालयात धाडते. वातकुक्कुटाची पिसं एकेक करून उपटणार आहे.

५ मार्च

हे काय? माझा १४, त्यांचा १४. काल दुपारीही सारखाच. परवाही.

नव्या वाट्या आणल्या वाटतं! मी सहा वर्षं मागत होते. मी गेले आणि लगेच आणल्या! जेवण गेलं नाही.

१० मार्च

सर्व्हर बंद पडला. डिस्क भरली होती. पान कोण, कधी, कुठून उघडतं याची नोंद सर्व्हर आपोआप ठेवतो, तीच फुगली होती. पुसायला म्हणून उघडली आणि हात थांबला.

एकच इंटरनेट पत्ता, पुन्हा पुन्हा. रोज आठला पाच कमी, अकराला पाच कमी, दोनला पाच कमी, पाचला पाच कमी. रविवारी नाही.

कचेरीत नोंदी आठ, अकरा, दोन आणि पाचला भरतात. आणि तो पत्ता कचेरीतल्या कॉम्प्युटरचा आहे. मीच चिठ्ठीवर लिहून तो पडद्याला चिकटवला होता!

नव्या वाट्या नाहीत की काही नाही. वातकुक्कुट माझे आकडे चोरतोय! ज्या बाईला हलगर्जी म्हणून हाकललं तिचेच!

११ मार्च

दिवसभर खुशीत. ह्यांनी विचारलं, "लॉटरी लागली का?" म्हटलं, तसंच समजा.

सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये आठ ओळी घातल्या. पान सगळ्यांना खरं दिसेल, फक्त त्या एका पत्त्याला खोटं. वाऱ्याला हात लावला नाही — त्यावर बोटी सुटतात, बोटीत माणसं असतात. पावसाला लावला.

१३ मार्च

मुद्दाम बंदरावर गेले. ऊन मी म्हणत होतं. तिकीट खिडकीवरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत — आज सकाळचा पाऊस सात मिलिमीटर!

रांगेतला एकजण म्हणाला, "कुठे पडला, साहेबांच्या केबिनमध्ये?" सगळी रांग हसली. मी सगळ्यात मोठ्याने. फलकाचा फोटो काढला, मागच्या कोरड्या ठक्क रस्त्यासकट.

१४ मार्च

मुख्यालयाला पाठवलं. फोटो, नोंदी, पत्ता, वेळा. पेपरवाल्यांनाही. कॉम्प्युटरवरून उठून चहा केला, साखर दोनदा घातली. आनंदानेच.

१८ मार्च

पेपरात आलं! "बंदरावर उन्हात पाऊस". चौकशी बसली म्हणे. भावजी पेढ्यांचा पुडा घेऊन आले. वातकुक्कुटाचं तोंड बघायला मिळालं असतं तर!

२३ मार्च

दुपारी बेल वाजली. दारात एक माणूस, पन्नाशीचा, जाड भिंगाचा चष्मा, एका पायाने अधू. म्हणाला, "बाई, मी तुमच्या जागेवर आलो होतो."

आत घेतलं. पाणी दिलं. पेला दोन्ही हातांनी धरून बसला होता.

"साहेबांना नव्या वाट्यांसाठी पत्रं लिहिली," म्हणाला. "म्हणाले, आकडे कुठूनही भरा, रकाना रिकामा नको. बोटी तर रोज सुटतायत. तुमचं पान सापडलं, आणि ताडून बघितलं तर खरं निघालं. म्हटलं, बोटवाल्यांना निदान खरा वारा तरी कळेल. तो पाऊस मलाही पटत नव्हता हो. पण तुमचं पान कधी चुकलेलं नव्हतं."

पिशवीतून कागद काढून दाखवला. बडतर्फीचा. खाली साहेबांची सही. वर तेच तीन शब्द.

"साहेब?" मी विचारलं.

"आहेत की. चौकशी त्यांनीच केली."

मी कागद त्याला परत दिला. तो भांडायला आला नव्हता. त्याची पत्रं फायलीत नाहीत. ती लिहिली जातात आणि गायब होतात, हे सांगणारं दुसरं कोणी त्याला माहीत नव्हतं. "तेवढं लिहून द्याल का?" म्हणाला. दोन मुली शिकतायत त्याच्या.

देते म्हणाले. पावसाचं मात्र सांगितलं नाही. जिना उतरताना तो कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता, ते दार लोटेपर्यंत ऐकू येत होतं.

ह्यांना सगळं सांगितलं, पावसाचंसुद्धा. ह्यांनी कपाटातून कोरे कागद काढून टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "उद्याच लिहून दे."

२४ मार्च

दोनदा लिहायला बसले. "ते सात मिलिमीटर माझे" हे वाक्य लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फाडलं.

२५ मार्च

अकरा वाजता फोन. वातकुक्कुट! आवाजात साखर — "बाई, झालं गेलं विसरा. जागा रिकामी आहे. सोमवारपासून तुम्ही —"

मी हो म्हणाले. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत.