धुराड्यावरची नळी

मी, खाली सही करणारा, वय ५४, कोळशावरच्या वीजकेंद्रात मीटर दुरुस्त करतो. शाळा सातवीपर्यंत, बाकीचे पुस्तके उघडून आणि यंत्रे खोलून शिकलो. फुप्फुसे गेली, डोके शाबूत आहे. कोणाच्याही दडपणाखाली नव्हे, पण घाईने, हे मृत्युपत्र लिहीत आहे. यापूर्वी केलेले नाही.

१. राहत्या दोन खोल्या पत्नीच्या, तिच्यानंतर मुलाच्या. पश्चिमेची खिडकी मीच खिळे ठोकून बंद केली आहे. राख तिथूनच येते. उघडू नये.

२. हत्यारांची पेटी मुलाला. त्यातला अकरा नंबरचा पाना मेव्हण्याकडे आहे. नऊ वर्षे "उद्या आणतो" चालले आहे. मुलाने लाज न बाळगता मागून घ्यावा.

३. धुराड्यातला धूर मोजणाऱ्या मीटरच्या काचेसमोर स्वच्छ हवा सोडणारी बोटभर नळी एकोणीस वर्षांपूर्वी मी बसवली. डोके माझेच. इंजिनियरांना सुचले नाही ते मला सुचले म्हणून साहेबांनी पाठ थोपटली, आणि मी महिनाभर हवेत होतो. तेव्हापासून मीटरला धूर दिसत नाही.

४. केंद्र सुधारले, असे फाटकावरची पाटी सांगते. खोटे नाही. सव्वीस वर्षांत युनिटामागचा कोळसा पाचव्या हिश्शाने घटला. पण वीज चौपट झाली: कारखाने आले, दुकाने आली, माझ्याकडेही फ्रीज आला. म्हणजे एकूण कोळसा तिपटीहून जास्त. हा गुणाकार पाटीवर नाही.

५. मुलगा आता त्याच मीटरवर आहे. त्याला सगळे सांगितले. म्हणाला, "बाबा, नळी काढली तर प्रदूषणवाले केंद्र बंद पाडतील. आधी आपलीच चूल विझेल. तुम्ही एकोणीस वर्षं का नाही काढलीत?" पत्नी खोकता खोकता म्हणाली, "अक्कल पाजळायची होती ना त्यांना!" नळी काढेल त्यालाच घर, अशी अट इथे लिहिली होती, खोडली आहे. मला जमले नाही ते पोराच्या गळ्यात कसे बांधू?

६. उद्या सकाळी धुराड्याच्या एकशे चाळीस पायऱ्या मीच चढणार. वाटेत कोसळलो तर दोष कोणाला देऊ नये. नळी निघालेली असली, तर मुलाने रडण्याआधी मीटर वाचावा. दिसेल तोच आकडा लिहावा.

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: रविवार, ४ मार्च २०१८
सही

साक्षीदार:
१. शेजारचा शिंपी
२. दवाखान्यातला कंपाउंडर ("पायऱ्या चढू नका" असे तीनदा बजावून सही केली)