रखमाला डोंगर दाखवायला निघालो

शके १७८६, पौष शु. ३. मु. अंजनगाव.
आज रखमाने तुळशीला घालायचे पाणी शेजारच्या जात्यावर ओतले. मी जाते पुसून घेतले. तिचा डावा डोळा फिरत्या वैद्याने सुई घालून घालवला. आता उजव्यातही मोतीबिंदू उतरतो आहे. एकच लकडा: लग्न होऊन आले तेव्हापासून उत्तरेला ती डोंगराची निळी रेघ बघते, एकदा जवळून दाखवा. "मंग आंधळी झाले तरी चालते." असे सरळ बोलते.

पौष शु. ५.
थोरला गणपत कापूस विकून अमरावतीहून आला. वैतागला. "बाबा, तिकडं विलायत कापसासाठी तोंड वासून बसली हाय, अन् तुमी बैल घेऊन डोंगर पाहाले चालले?"
चुलीपासून रखमा म्हणाली, "कापूस पुढल्या साली बी येईन. माया डोळा येईन काय?"
गणपत मान खाली घालून बाहेर गेला. बैल मिळाले.
हाकायला शेजारचे इमामभाई. पाणी घरच्या विहिरीचेच न्यायचे, मडकी भरून. मेळघाटचे पाणी लागते, माणूस ताप घेऊन उतरतो, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक. रखमा म्हणाली, "इहीरच गाडीत घाला."

पौष शु. ८. मु. एलिचपूर.
छावणीच्या बाजारात इमामभाई म्हणाले, "दादा, बैलांले नाल ठोकून घ्या. काळ्या मातीतले खूर हायेत, गोट्यावर टिकायचे नाहीत." एका बैलाला दोर बांधून पाडले होते, नालवाला खिळे ठोकत होता. बैलाचे डोळे पाहवेनात. आमच्याकडे कोणी बैलाला नाल मारत नाही, मातीत लोखंड कशाला? नको म्हणालो.
डोंगर आता रेघ राहिला नाही. अर्धे आभाळ खाऊन उभा आहे. एवढे मोठे काही इतकी वर्षे घराच्या मागे होते आणि मी त्याच्याकडे पाठ करून तूर झोडपत होतो.

पौष शु. ९. घाटात.
चुकलो. निम्म्या चढावरच खूर झिजले, तांबड्या बैलाचे रक्त दगडावर. इमामभाईंनी गोणपाट फाडून खुरांना बांधले आणि माझ्यापुढे उभे राहिले. "दादा, आता दोनातून एक उतरवा. पाणी, नाहीतर भाभी."
गाडीतून रखमा: "मीच उतरते. पाणी त्यायले लय जवळचं हाय."
इमामभाई हसत हसत खाली बसले. मला हसू येईना. वर जाऊन तापाने मेलो तर? परत फिरलो तर डोळा थांबेल का?
मडकी ओतली. आमच्या विहिरीचे पाणी दगडांवरून खाली पळत सुटले.
पुढच्या झऱ्याला ओंजळ लावली. गार, गोड. तेव्हापासून दहादा कपाळाला हात लावून पाहिला. अजून ताप नाही.
सागाची पाने जेवणाच्या ताटाएवढी. प्रत्येक वळणावर वाटते आता डोंगर संपला, आणि मागे आणखी एक. कोणी रचले असेल हे, आणि कोणाला दाखवायला?

पौष शु. १०. मु. चिखलदरा.
एका गवळ्याच्या ओसरीत उतरलो. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत लोटले म्हणतात, तिच्या कड्यावर गेलो. रखमाचा दंड घट्ट धरला होता. तिच्यासाठी की माझ्यासाठी, कोण जाणे.
खाली बघितले. मटकन बसलो. दरीत घार फिरत होती आणि मला तिची पाठ दिसली! पासष्टी उलटली, आजवर घारीचे पोटच पाहिले होते. पंखांवर ऊन, तांबूस. घारीच्याही खाली झाडे, झाडांच्या खाली पाणी, पाण्याचा आवाजसुद्धा वर पोचत नाही. पंतोजींकडे चार अक्षरे शिकलो, त्यांत हे मावत नाही.
"बोला ना," रखमा म्हणाली, "गप काहून झाले?"
"घार... खाली हाय."
"पडली?"
"नाही वं. उडून राहिली. आपून वर हाओत."
तिला घार दिसली नाही. मग दक्षिणेकडे तोंड करून बराच वेळ बसली आणि एकदम म्हणाली, "अवो, आपलं गाव निळं झालं!"
बघतो तर खरेच. सगळा वऱ्हाड खाली निळ्या पट्टीसारखा पडलेला. शेते, अंजनगाव, गणपतच्या गाड्या, काही वेगळे निघेना. दिसले तिला. मी सांगितले नव्हते, तिला दिसले. हात जोडले, कोणाला ते कळले नाही.

पौष शु. ११. कड्यावरच लिहितो. थंडीने बोट वळत नाही.
उजाडता रखमाने उठवले, पुन्हा न्या म्हणाली. येऊन बसलो तोच दरीतून धुके वर आले. दरी नाही, झाडे नाहीत, दोन हातांवरची रखमाही नीट नाही. असे काही असते हे माहीत नव्हते. आभाळ पायाखालून उगवावे तसे.
"मले सगळं पांढरं दिसते," रखमा म्हणाली. आवाज लहान.
सरकून तिला लागून बसलो. मग म्हणालो, "मलेही."
"खरं सांगा."
"तुयी आण."
ती हसली. "मंग आज आपून बराबर."
इमामभाई मागून ओरडले, ऊन वर आलं का हे फाटते, पुढं सरकू नका. तिकडे पूर्वेला थोडे पिवळे होऊ लागले आहे. रखमाने माझा डावा हात धरला आहे. डोळा उघडाच ठेवून बसली आहे, पापणीही हलवत नाही. धुके आणखी थोडा वेळ राहिले तर बरे.