एकेक वायर ओढून बघ

शेफाली,

गाडी सुरू करू नकोस. बॅटरीची वायर मी काढून ठेवली आहे.

काल कात्रजच्या चढावर धूर आला तो इंजिन तापल्यामुळे नव्हता. फॉगलाइटच्या वायरी मी नुसत्या पिळून टेप गुंडाळला होता, तो जोड वितळला. तुझी आई शेजारीच बसली होती. तू मागेच म्हणाली होतीस, "बाबा, नीट कनेक्टर लावा." त्यावर मी तुला "तीस वर्षं टेपच लावतोय" असं सुनावलं होतं.

आज सकाळी ते सगळे जोड कापले आणि बॉनेटखाली रबरी सीलचे, पाणी न शिरणारे कनेक्टर बसवले. वायरच्या जाडीप्रमाणे पिना निवडल्या आहेत, त्यात चूक नाही. पण पिना वायरवर घट्ट दाबायची क्रिंपिंगची पक्कड माझ्या उजव्या हाताने पुरती दाबली जात नाही. महिनाभर असंच चाललंय. म्हणून एकेक वायर ओढून बघ आणि जी सुटून हातात येईल, ती नव्या पिनेत तू दाब.

मी बसने स्वारगेटला डॉक्टरांना हात दाखवायला जातोय. आईला आल्यावर मीच सांगेन.

गाडीची किल्ली तुझ्या टेबलावर ठेवली आहे. आता ती तुझ्याकडेच राहू दे.

बाबा