बादलीभर समुद्र

ती. मम्मी,
रूपलचा जय जिनेंद्र.

मी बरी आहे. बेटावर माझा डबा कांदा-लसणाशिवाय येतो, पाणी उकळूनच पिते. पप्पांचे गुडघे कसे आहेत? शिंदखेड्याला ऊन फार तापलंय का?

कामाचं विचारलंस. इथे पाण्यात आमचा कॅमेरा तरंगतो. समुद्रातले अगदी बारीक जीव तो टिपतो, मी ते मोजते. मासे त्यांच्यावरच जगतात. वीस दिवस झाले, फोटो रिकामे येताहेत. काच तीनदा पुसली. साहेब म्हणाले, मशीन बिघडलं असेल. बिघडलेलंच असू दे म्हणून मी रोज नवकार म्हणत होते गं.

काल तू बॅगेत कोंबलेलं पाणी गाळायचं फडकं काढलं. बादलीभर समुद्र गाळला, फडकं भिंगाखाली धरलं.

मशीन चांगलं आहे, मम्मी.

पाणी गाळून झालं की तू फडकं उलटं करून आडात धुवायचीस, त्यातले जीव आपल्या घरी परत जावेत म्हणून. मीही सवयीनं फडकं उलटं केलं आणि किनाऱ्यावर नुसती उभी राहिले. परत सोडायला त्यात एकही जीव नव्हता.

पप्पांना एवढंच सांग, रूपल मजेत आहे.

तुझीच,
रूपल